पाचशे सदतीस मतांचे अध्यक्षपद : फ्लोरिडा, २०००

७ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले. देशभरातून डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर यांना ५,०९,९९,८९७ मते मिळाली आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना ५,०४,५६,००२. गोर यांचे मताधिक्य ५,४३,८९५ इतके होते. तरीही २० जानेवारी २००१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती बुश यांनी, कारण फ्लोरिडा या एका राज्यात ते ५३७ मतांनी पुढे असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले होते.

अध्यक्षाची निवड देशातील एकूण मतांवर व्हावी की राज्यवार निर्वाचकांमार्फत, हा वाद अमेरिकेत राज्यघटना लिहिली जात असल्यापासून चालू आहे. तो बहुधा तत्त्वांच्या पातळीवरच फिरत राहतो : एका बाजूला समान मताधिकार, दुसऱ्या बाजूला संघराज्य. येथे मी तो एका प्रकरणाच्या तपशिलातून मांडतो आहे, कारण फ्लोरिडातील त्या छत्तीस दिवसांत या पद्धतीचे सगळे सांधे उघडे पडले. अध्यक्ष थेट मतांवर निवडला जावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र हेच प्रकरण थेट निवडणुकीच्या समर्थकांपुढेही एक अवघड प्रश्न ठेवते, आणि त्या प्रश्नाला बगल देऊन हे मत मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

निर्वाचकांचा हिशेब

अमेरिकी मतदाराला मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव दिसते, पण त्याचे मत जाते ते त्या उमेदवाराच्या बाजूने राज्यात उभ्या असलेल्या निर्वाचकांच्या गटाला. प्रत्येक राज्याला प्रतिनिधिगृहातील त्याच्या जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक मिळतात. राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने तीन मिळाले. एकूण ५३८, बहुमतासाठी २७०. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली तर सगळीकडे नियम असा आहे की, ज्याला राज्यात एक मत जरी जास्त पडले त्याच्या पदरात राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. हा नियम राज्यघटनेत नाही. निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याचे विधिमंडळ ठरवील, एवढेच घटना सांगते; पुढचे सारे राज्यांनी आपापल्या राजकीय सोयीने बसवले आहे.

मराठी वाचकाला येथे आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीची आठवण होईल. तीही अप्रत्यक्ष आहे, आणि तिच्यातही राज्यागणिक मताचे मूल्य बदलते. परंतु आपल्याकडे ते १९७१ च्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे आणि गोव्याच्या आमदाराचे २०, कारण एक महाराष्ट्राचा आमदार जितक्या लोकांचे प्रतिनिधित्व करतो तितक्या लोकांचे गोव्याचा आमदार करत नाही. अमेरिकेत काटा उलटा झुकतो. २००० मध्ये कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ३८ लाखांच्या वर होती आणि निर्वाचक ५४. वायोमिंगची लोकसंख्या पाच लाखांच्याही आत होती आणि निर्वाचक तीन. म्हणजे एका निर्वाचकामागे कॅलिफोर्नियात सव्वासहा लाख माणसे आणि वायोमिंगमध्ये सुमारे एक लाख पासष्ट हजार. शिवाय आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतःच कार्यकारी सत्ता असतो. इतके अधिकार ज्या एका व्यक्तीच्या हाती जातात, तिच्या निवडीत माणसामाणसाच्या मताचे वजन इतके वेगळे असावे, याचे समर्थन करणे मला कठीण वाटते.

पाम बीचची मतपत्रिका

फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर पाम बीच नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. निवृत्तीनंतर तेथे येऊन राहिलेल्या वृद्धांची संख्या मोठी. त्या वर्षी मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचे दहा उमेदवार होते आणि सगळी नावे एका पानावर घ्यायची तर अक्षर फार बारीक करावे लागत होते. वृद्ध मतदारांना वाचता यावे, या सद्हेतूने काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली आणि भोके मधल्या पट्टीत एकाखाली एक ठेवली. फुलपाखराच्या दोन पंखांसारखी दिसणारी म्हणून ती ‘बटरफ्लाय’ मतपत्रिका या नावाने पुढे जगभर गाजली. हा बदल करणाऱ्या अधिकारी स्वतः डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या होत्या, तेव्हा यात कट शोधण्यात अर्थ नाही.

ती मतपत्रिका डोळ्यांसमोर आणून पाहा. डाव्या पानावर सर्वांत वर बुश, त्यांच्या खाली गोर. उजव्या पानावर सर्वांत वर रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन. त्यांचे नाव उंचीने बुश आणि गोर यांच्या मधोमध. मधल्या पट्टीतले पहिले भोक बुश यांचे, दुसरे ब्युकॅनन यांचे आणि तिसरे गोर यांचे. डाव्या पानावर दुसऱ्या क्रमांकाचे नाव वाचून ज्याने सरळ दुसऱ्या भोकात टोचा घातला, त्याचे मत ब्युकॅनन यांना गेले. बाण छापलेले होते, हे खरे. पण टोचण्याचे यंत्र समोर, मागे रांग आणि वय ऐंशीच्या घरात असेल, तर बाण नीट पाहिला जाईलच असे नाही.

ब्युकॅनन यांना फ्लोरिडात एकूण साडेसतरा हजारांच्या आसपास मते मिळाली. त्यांतली जवळपास पाचवा हिस्सा, ३,४०० हून अधिक, एकट्या पाम बीचमध्ये. ही काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाची बालेकिल्ला मानली जाणारी. तेथे आपल्याला इतका पाठिंबा नाही, यातली बहुतेक मते आपली नसावीत, असे स्वतः ब्युकॅनन यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केले. टपाली मतपत्रिकांवर ही दुपानी मांडणी नव्हती, आणि त्या मतांत ब्युकॅनन यांचा वाटा फारच कमी होता. याखेरीज १९,००० हून अधिक मतपत्रिका एकाहून जास्त भोके पडल्यामुळे बाद झाल्या. त्यांतील पाच हजारांहून अधिक पत्रिकांवर गोर आणि ब्युकॅनन या दोघांची भोके होती : चूक लक्षात आल्यावर मतदाराने योग्य भोकही टोचले आणि दोन्ही मते गमावली.

असा घोळ कोणत्याही देशात, कोणत्याही पद्धतीत होऊ शकतो. मुद्दा त्याच्या किमतीचा आहे. ५,४३,८९५ च्या देशव्यापी फरकात ही सगळी मते धरली काय किंवा सोडली काय, निकाल हलला नसता. ५३७ च्या फरकात मात्र एका काउंटीच्या छपाईने अध्यक्ष ठरला. राज्याच्या सीमेत मते कोंडायची आणि सीमेच्या आत एका मताने पुढे असलेल्याला सारे द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एका टेबलावरच्या चुकीचे वजन पाच कोटी मतदारांएवढे होते.

छत्तीस दिवस

मतदानाच्या रात्री वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी गोर यांच्या नावावर लावले, मग मागे घेतले, पहाटे दोनच्या सुमारास बुश यांना दिले आणि पुन्हा मागे घेतले. गोर यांनी पराभव मान्य करणारा दूरध्वनी बुश यांना केला आणि थोड्या वेळाने दुसरा दूरध्वनी करून तो शब्द परत घेतला. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने कायद्याप्रमाणे यंत्राने फेरमोजणी झाली आणि आघाडी काहीशे मतांवर आली. गोर यांनी मग चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली. त्या चारही डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेल्या होत्या. संपूर्ण राज्याची मोजणी मागण्याऐवजी सोयीच्या जागा निवडल्याने त्यांच्या दाव्याचे नैतिक बळ कमी झाले, असे मला वाटते.

हाताने मोजायचे म्हणजे काय, हे जगाने तेव्हा पाहिले. भोक पाडल्यावर कागदाचा जो चौकोनी कपटा गळून पडायला हवा, त्याला ‘चॅड’ म्हणतात. काही कपटे एका कोपऱ्याने लोंबकळत होते, काही दोन कोपऱ्यांनी, काहींवर नुसता फुगवटा किंवा खळगा होता. ब्रॉवर्ड काउंटीतील एक न्यायाधीश डोळे मोठे करून भिंगातून मतपत्रिका उजेडाकडे धरून पाहत असल्याचे छायाचित्र गाजले. पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असतानाच निकष बदलत गेले. आधी पूर्ण चिकटलेला कपटा मत धरायचा नाही असे ठरले, मग उजेडाचा किरण दिसला तरी मत धरायचे, मग पुन्हा जुना निकष, आणि शेवटी ठरावीक निकषच नाही. २६ नोव्हेंबरची मुदत पाम बीचने दोनेक तासांनी चुकवली आणि तिचे हाताने मोजलेले आकडे अधिकृत निकालात धरले गेले नाहीत.

तो निकाल जाहीर करणाऱ्या फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या. राज्याचे गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे सख्खे भाऊ; त्यांनी निकाल प्रमाणित करण्याच्या कामातून स्वतःला बाजूला केले. ८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी राज्यभरातील यंत्राने न वाचलेल्या मतपत्रिका हाताने मोजण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मोजणी थांबवली. १२ डिसेंबरच्या रात्री अंतिम निकाल आला : काउंटीगणिक वेगळ्या निकषांनी मते मोजणे समान संरक्षणाच्या तत्त्वाला धरून नाही, यावर सात न्यायाधीश सहमत होते, पण नवा निकष ठरवून मोजणी करायला वेळ उरलेला नाही, हे मत केवळ पाचांचे होते. १३ तारखेला गोर यांनी पराभव मान्य केला.

या निकालपत्रातील एक वाक्य मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते. न्यायालयाने म्हटले की, राज्याच्या विधिमंडळाने निर्वाचकांची निवड मतदानाने करायची असे ठरवल्याखेरीज अध्यक्षाच्या निर्वाचकांसाठी मत देण्याचा हक्क नागरिकाला राज्यघटनेने दिलेला नाही. घटनेचा अर्थ म्हणून हे चूक नाही, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे. त्याच दिवसांत फ्लोरिडाचे विधिमंडळ, न्यायालयात काहीही होवो, बुश यांच्या बाजूचे निर्वाचक स्वतः नेमण्याच्या तयारीत होते. अध्यक्षाला मत देणे हा आपला हक्क आहे, असे अमेरिकी नागरिक समजतो; तो हक्क प्रत्यक्षात राज्याच्या मेहेरबानीवर आहे, हे त्या डिसेंबरात लिखित स्वरूपात समोर आले.

फरक कोठून आला

बुश यांनी तीस राज्ये जिंकली, गोर यांनी वीस राज्ये आणि राजधानी. निकाल २७१ विरुद्ध २६६ लागला. गोर यांच्या वाट्याचे एक मत कोरे राहिले, कारण राजधानीच्या एका निर्वाचक महिलेने वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये पूर्ण प्रतिनिधित्व नाही याचा निषेध म्हणून मतपत्रिका रिकामी ठेवली. आता प्रत्येक राज्याला सिनेटच्या नावाने मिळणारे दोन निर्वाचक, आणि त्याच हिशेबाने राजधानीचेही दोन, वजा करून पाहा. बुश यांचे २११ उरतात आणि गोर यांचे, ते कोरे मत धरून, २२५. म्हणजे फ्लोरिडा हरूनही गोर अध्यक्ष झाले असते. २००० च्या विपरीत निकालाला लहान राज्यांना दिलेले जादा वजन थेट कारणीभूत होते.

पण हेच गणित २०१६ ला लावले तर उत्तर वेगळे येते. त्या वर्षी हिलरी क्लिंटन देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतांनी पुढे होत्या आणि तरी हरल्या. जादा निर्वाचक वजा केले तरी डोनाल्ड ट्रम्पच पुढे राहतात. तेथे खरा दोष राज्याचे सारे निर्वाचक एकाला देण्याच्या नियमाचा होता. त्यामुळे केवळ निर्वाचकांची वाटणी लोकसंख्येप्रमाणे करून हा प्रश्न सुटेल, असे मानता येत नाही.

त्या नियमाचा रोजचा परिणाम निवडणुकीच्या निकालाहून मोठा आहे. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात अमेरिकी नागरिक झालेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. २००० मध्ये गोर यांनी न्यू जर्सी सुमारे पाच लाखांच्या मताधिक्याने जिंकले, म्हणजे जवळजवळ त्यांच्या देशभरातील मताधिक्याएवढ्या फरकाने. त्यांतील पहिल्या एका मताने जे पंधरा निर्वाचक मिळाले असते, तेच पाच लाखांनी मिळाले. उरलेल्यांनी रांगेत उभे राहून निकालात काहीच भर घातली नाही. तेथील बुश यांच्या तेरा लाखांच्या आसपास मतदारांची मते तर मोजली गेली आणि विरून गेली. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले की त्याच माणसाच्या मतासाठी उमेदवार दारोदार फिरतात. टेक्सासातील डेमोक्रॅट आणि न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन यांची अवस्था हीच आहे. लहान राज्यांचे रक्षण होते, हा दावाही प्रचाराच्या वाटेवर टिकत नाही. वायोमिंगचे तीन निर्वाचक कोणाला जाणार हे आधीच ठाऊक असल्याने तेथे कोणी फिरकत नाही.

न्यू मेक्सिकोची गोष्ट फारशी कोणाला आठवत नाही. २००० मध्ये तेथे गोर केवळ ३६६ मतांनी जिंकले, म्हणजे फ्लोरिडाहूनही कमी फरकाने. परंतु तेथील पाच निर्वाचकांनी एकूण निकाल फिरत नव्हता, म्हणून तेथे वकिलांच्या फौजा उतरल्या नाहीत. मताची किंमत मतदानावर नव्हे, तर इतर राज्यांत काय घडले यावर ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आक्षेप

पहिला आक्षेप न्याय्य आहे, आणि तो गोर यांच्या समर्थकांनी मान्य करायला हवा. थेट मतांची निवडणूक असती तर दोघांनीही प्रचार वेगळा केला असता. बुश यांनी टेक्सासात मतदान वाढवले असते, गोर यांनी न्यूयॉर्कमध्ये. म्हणून ‘थेट निवडणूक गोर जिंकले असते’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जे म्हणता येते ते एवढेच की, प्रत्यक्ष मतदानाला गेलेल्यांपैकी जास्त लोकांनी त्यांना पसंती दिली होती. तीही निम्म्याहून कमी : गोर ४८.४ टक्के, बुश ४७.९ टक्के. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना देशभरात सुमारे २.७ टक्के आणि फ्लोरिडात ९७,४८८ मते होती. थेट निवडणुकीत सर्वाधिक मते पुरेशी मानायची की फ्रान्सप्रमाणे दुसरी फेरी घ्यायची, हे आधीच ठरवावे लागेल. मला दुसरी फेरी अधिक योग्य वाटते.

दुसरा आक्षेप असा की, एका राज्यात हा गोंधळ, तर देशभर फेरमोजणी करावी लागली तर काय होईल? १८८० मध्ये जेम्स गारफिल्ड यांचे देशव्यापी मताधिक्य दहा हजारांहून कमी होते, तेव्हा धोका काल्पनिक नाही. पण संग्रह जितका मोठा, तितकी बरोबरीची शक्यता कमी. पन्नास स्वतंत्र मोजण्यांपैकी एखादी निर्णायक मोजणी काठावर येण्याची शक्यता एका मोठ्या मोजणीपेक्षा नेहमीच जास्त राहणार. २००० मध्ये देश काठावर नव्हता; काठावर फ्लोरिडा होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो फ्लोरिडानेच शिकवला. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक घेणारी राष्ट्रीय यंत्रणा नाही. आपल्याकडे कलम ३२४ खाली निवडणूक आयोग आहे आणि मतपत्रिकेची रचना जिल्ह्याजिल्ह्यात बदलत नाही. तेथे फेडरल इलेक्शन कमिशन प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते; मतपत्रिका छापणे, यंत्र निवडणे, मते मोजणे हे तीन हजारांहून अधिक काउंट्या आणि स्थानिक संस्था आपापल्या राज्याच्या कायद्याने करतात. एकट्या फ्लोरिडात अशा ६७ काउंट्या. मत देण्याचा अधिकार कोणाला, हेही राज्य ठरवते. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातील माणूस मत देऊ शकतो. २००० च्या फ्लोरिडात गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगून बाहेर आलेल्यालाही तो हक्क आपोआप परत मिळत नसे. राज्याराज्यांच्या भिंती आहेत तोवर या तफावती भिंतीच्या आत राहतात. सगळी मते एका ढिगात घातली की त्या तफावती साऱ्या देशाच्या निकालात उतरतात.

पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने मोठ्या वृत्तपत्रांसाठी फ्लोरिडातील न मोजलेल्या सुमारे पावणेदोन लाख मतपत्रिका तपासल्या. गोर यांनी मागितलेली मर्यादित फेरमोजणी झाली असती तर बुश यांचीच आघाडी राहिली असती. दोन खुणा असलेल्या पत्रिकांसह संपूर्ण राज्य मोजले असते तर गोर थोडक्यात पुढे गेले असते. एकाच कागदांच्या गठ्ठ्यातून निकषाप्रमाणे दोन वेगळे अध्यक्ष निघतात. मोजण्याचा नियम सर्वत्र एक असल्याशिवाय ‘देशाची एकूण मते’ हा आकडाही भक्कम राहत नाही.

वाट

सर्वांत स्वच्छ मार्ग घटनादुरुस्तीचा आहे. तो एकदा जवळ आला होता. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचे जॉर्ज वॉलेस यांनी ४६ निर्वाचक मिळवल्यावर, कोणालाच बहुमत न मिळून निवड प्रतिनिधिगृहाकडे जाण्याची भीती निर्माण झाली आणि १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. सिनेटमध्ये सिनेटर बर्च बाय यांनी तो लढवला, पण १९७० मध्ये लांबलचक भाषणांच्या अडवणुकीत तो अडकला. आज ३८ राज्यांची मान्यता मिळणे जवळपास अशक्य दिसते.

म्हणून २००७ मध्ये मेरीलँडपासून दुसरी वाट सुरू झाली, राज्याराज्यांतील कराराची. करारात सामील राज्ये आपले सारे निर्वाचक देशात सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला देतील. मात्र अशा राज्यांचे मिळून २७० निर्वाचक होईपर्यंत करार लागू होणार नाही. २०२४ अखेर सतरा राज्ये आणि राजधानी मिळून २०९ निर्वाचक झाले होते. राज्याने निर्वाचक कसे नेमावेत हे राज्याचे विधिमंडळ ठरवील, या घटनेतील शब्दांवरच करार उभा आहे, आणि ही युक्ती मला बुद्धिमान वाटते. पण फ्लोरिडा समोर ठेवून तिच्याकडे पाहिले की भोक दिसते. करारानुसार मेरीलँडला फ्लोरिडाचे आकडे जसे जाहीर होतील तसे धरावे लागतील. तेथे लोंबकळत्या कपट्यांचा वाद पेटला, तर फेरमोजणीचा आदेश मेरीलँड देऊ शकत नाही, आणि देशव्यापी फेरमोजणीचा आदेश देणारे कोणीच नाही.

तेव्हा माझ्या मते क्रम असा हवा : काँग्रेसने आधी अध्यक्षपदाच्या निवडणुकीपुरता एकच मतपत्रिकेचा नमुना, मत कशाला म्हणायचे याची एकच व्याख्या, एकच मुदत आणि फरक ठरावीक टक्क्याच्या आत आला तर देशभर आपोआप होणारी फेरमोजणी कायद्याने ठरवावी, आणि २७० गाठायला लागणारी उरलेली राज्ये त्यानंतर करारात आणावीत.